सीट उघडत नाही

जूनचा पहिला दणदणीत पाऊस पडून गेला की नालासोपारा पूर्वेच्या गॅरेजांत एक तक्रार हटकून येते. गाडी चालू होते, ब्रेक लागतात, चेन नुकतीच ताणलेली असते. फक्त सीट उघडत नाही. चावी अर्धी फिरते आणि अडते, नाहीतर पूर्ण फिरते पण आतून तो ओळखीचा ‘खट्’ येत नाही. मालक सीटवर दोन बुक्क्या हाणतो, कोणी बघत नाही ना ते पाहतो आणि आणखी एक हाणतो. आचोळे रोडवरचा मिस्त्री हातातलं काम न सोडता एवढंच विचारतो, “मागचा मडगार्ड काढलाय का रे?”

काढलेला असतोच.

सीटचं कुलूप आणि मडगार्ड यांचा संबंध काय, हे मालकाला त्या क्षणी पटत नाही. मडगार्ड काढून तीन-चार महिने झालेले असतात. तो मार्चमधला एखादा रविवार असतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून नाहीतर ऑनलाइन मागवलेली वाकवलेल्या पत्र्याची पट्टी, जिला सगळे टेल टायडी म्हणतात, ती दीड तासात बसवून झालेली असते. नंबर प्लेट वर सरकलेली, लांबुडके इंडिकेटर जाऊन करंगळीएवढे आलेले, मागचं टायर उघडं पडून एकदम रुंद दिसायला लागलेलं. मित्रांनी मागून फोटो काढलेले. कडक उन्हाळ्यात त्या गाडीत काही म्हणजे काही खोट नसते. खोट पाऊस दाखवतो.

सीटचं कुलूप ही मोटरसायकलवरच्या सर्वांत साध्या यंत्रांपैकी एक गोष्ट. सीटच्या तळाला यू आकाराची एक लोखंडी कडी असते. सीट दाबली की ती कडी फ्रेमवरच्या खटक्यात शिरते आणि स्प्रिंगच्या जोरावर खटका तिला धरून ठेवतो. बाजूला किंवा शेपटाच्या पॅनेलखाली चावीची नळी असते. तिच्या पाठीमागे एक छोटा दांडा आणि दांड्याला केबल, म्हणजे सायकलच्या ब्रेकच्या वायरीची धाकटी बहीण. चावी फिरली की केबल ओढली जाते, खटका मागे सरतो, कडी सुटते. काही गाड्यांत केबलही नसते. नळीचा दांडा थेट खटक्याला ढकलतो. नळीच्या पोटात पितळेच्या पातळ पत्र्या असतात, प्रत्येकीमागे केसाएवढी स्प्रिंग. चावीचे दात या पत्र्यांना एका ओळीत आणतात, तेव्हाच नळी फिरायला मोकळी होते. ओळीतली एक पत्री चिखलाच्या कणाने वर अडकून राहिली, तर उरलेल्या सगळ्या जागेवर असूनही चावी हलत नाही.

हे सगळं सीटखाली, म्हणजे मागच्या चाकाच्या बरोबर डोक्यावर. फिरतं टायर रस्त्यावरचं पाणी उचलतं आणि सरळ रेषेत भिरकावतं. चाकाच्या मागच्या अंगाने सुटलेलं पाणी वर जातं, माथ्यावरून सुटलेलं पुढे जातं. मडगार्ड आणि त्याच्या आतलं काळं प्लास्टिक हा या कारंज्यावरचा झाकणाचा बंदोबस्त. शिवाय बऱ्याच गाड्यांत सीटखालच्या कप्प्याची जमीनही तेच प्लास्टिक असतं. ते काढलं की तुळींज, आचोळे किंवा सेंट्रल पार्कच्या साचलेल्या पाण्यातून गेलेली गाडी स्वतःच्याच पोटात चिखल फेकत राहते. चालवणाऱ्याच्या पाठीवर उमटणारी तपकिरी पट्टी सगळ्यांना दिसते. तीच पट्टी खटक्यावर, बॅटरीच्या टोकांवर आणि टेल लाइटच्या जोडांवरही बसलेली असते, ती दिसत नाही.

नालासोपाऱ्याला पाणी नवं नाही. 2018 च्या जुलैत रुळांवर इतकं पाणी चढलं की लोकल बंद पडल्या आणि ते चित्र देशभर दाखवलं गेलं. पश्चिमेला परिस्थिती वेगळी, पण कुलपासाठी तितकीच वाईट. तिकडे कळंब आणि राजोडीचा किनारा आहे, हवा खारी आहे. चावीची नळी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते. खाऱ्या ओलाव्याने तिच्यावर पांढरी पूड धरते. पितळ त्यातल्या त्यात टिकतं, स्प्रिंगा गंजतात. त्यात रविवारी पोरं गाड्या थेट वाळूत उतरवतात, लाटेच्या कडेकडेने फेऱ्या मारतात आणि घरी आल्यावर टाकी, हेडलाइट नि चाकं धुतात. सीटखाली पाणी मारायचं कोणाच्या मनातही येत नाही.

मागच्या बाजूवर सुरी चालवण्याचा हा शौक नालासोपाऱ्याने शोधला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत मागचे मडगार्ड आखूड कापलेल्या गाड्यांचं एक कूळच तयार झालं, त्यांना बॉबर म्हणतात. वजन कमी, वेग जास्त, असा त्यामागचा साधा हिशेब होता. 1950-60 च्या दशकांत लंडनच्या एस कॅफेसारख्या अड्ड्यांवर जमणाऱ्या पोरांनी मागची सीटच काढून तिथे कुबड बसवलं, ते कॅफे रेसर. आपल्याकडच्या जुन्या बुलेटला तर पुढे स्प्रिंगांची खोगिरासारखी सीट आणि मागे मडगार्डवर वेगळी गादी असायची. मागचं माणूस नको असेल तर गादी काढून ठेवता यायची. मुंबईत अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देंची’ने रुंद मागच्या टायरचे चॉपर बांधून हा छंद मासिकांच्या मुखपृष्ठांपर्यंत नेला.

कारखानदारही मागे राहिले नाहीत. 2006 च्या सुमारास पल्सरच्या शेपटाला दोन उभ्या लाल एलईडी पट्ट्या आल्या आणि अंधारात नुसत्या मागच्या दिव्यावरून गाडी ओळखू यायला लागली. त्याआधी मागचा दिवा हा मागचा दिवाच असायचा, त्याला चेहरा नव्हता. पुढे 2016 मध्ये बजाजने व्ही-15 आणली. तिच्या धातूत आयएनएस विक्रांतच्या भंगाराचा अंश मिसळलेला होता. ही युद्धनौका 1997 मध्ये निवृत्त झाली, पुढे काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि 2014 मध्ये दारूखान्यात तोडायला गेली. जाहिरात सगळी विक्रांतची झाली. पण त्या गाडीची खरी गंमत मागे होती. मागच्या सीटवर एक कवच होतं. ते लावलं की गाडी एकट्याची, काढलं की दोघांची. सोमवार ते शनिवार बायकोला स्टेशनवर सोडणाऱ्या आणि रविवारी एकट्याने वज्रेश्वरीकडे सुटणाऱ्या माणसाचा इतका रोकडा विचार भारतीय मोटरसायकलीने क्वचितच केला असेल.

या ‘दोघांची’ शब्दावर थोडं थांबायला हवं, कारण नालासोपाऱ्यात मोटरसायकल एकट्याची जवळजवळ नसतेच. सकाळी साडेसहापासून आठपर्यंत स्टेशनच्या दोन्ही बाजूंना उभं राहून पाहावं. येणाऱ्या गाड्यांतल्या कित्येकींवर मागे कोणीतरी असतं: बायको, बहीण, भाऊ, शेजारचा काका, कधी दोघांच्या मध्ये दप्तर घेतलेलं पोर. गाडी थांबायच्या आधी मागचा माणूस उतरतो, मागे न बघता जिन्याकडे पळतो आणि विरारहून भरून आलेल्या लोकलच्या दाराशी लटकतो. गाडीचा मालक तो नसतो, पण मागची जागा त्याची असते. हँडल, टाकी, आरसे, मीटर हे सगळं चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. शेपूट मात्र त्याला गाडीवर बसून कधीच दिसत नाही. ते दिसतं मागच्या गाडीवाल्याला, सिग्नलवरच्या पोलिसाला. आणि जाणवतं मागे बसलेल्याला. तरी सर्वांत जास्त हौस तिथेच केली जाते.

कायद्याने मागच्या माणसाची आठवण बरीच आधी ठेवली. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 123 वा नियम सांगतो की मोटरसायकलला चालकाच्या सीटच्या बाजूला किंवा मागे धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं असं काही हवं की मागे बसलेल्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत. नियमाच्या भाषेत ‘संरक्षक साधन’; बाजारात साडीगार्ड. 2012 मध्ये ऑस्ट्रियन कंपनीची दिमाखदार ड्यूक 200 चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिलाही साडीगार्ड होताच. गाडी युरोपची, चाक मोकळं, आणि त्यावर आपल्या मावशीच्या पदरासाठी लोखंडी जाळी. पोरांनी ती जाळी शोरूमच्या दारातच काढायला सांगितली, हे वेगळं सांगायला नको.

जाळीची थट्टा करणाऱ्याने कार्तिकात निर्मळच्या यात्रेला जावं. सोपाऱ्याकडून, गासकडून, वाघोलीकडून येणाऱ्या दुचाकींवर मागे जरीकाठी साड्या असतात, बहुतेक जणी एका बाजूला पाय सोडून बसलेल्या. पाय लेडीज फूटरेस्टवर, एक हात मागच्या दांड्यावर, दुसऱ्यात नारळ नाहीतर पोर. लग्नसराईत हेच, रविवारच्या मिसेला जाणाऱ्या बायकांचंही हेच. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर ती कापडासकट माणसाला खाली खेचते. आणि ज्या गाडीचं टेल टायडी झालंय तिच्यावर बहुधा साडीगार्डही नसतो, लेडीज फूटरेस्टही नसतो आणि मागचा दांडा, ज्याला सगळे ग्रॅब रेल म्हणतात, तोही ‘दिसायला बरा नाही’ म्हणून गेलेला असतो. मग मागे बसलेली बाई पकडते कशाला? चालवणाऱ्याच्या खांद्याला. खड्डा आला की दोघांचाही तोल एकाच खांद्यावर.

शौक एका बाजूला. पोटासाठी केलेले बदल हा या भागातला अधिक जुना आणि अधिक डोकेबाज प्रकार. पहाटे दुधाचे कॅन नेणाऱ्या गाड्यांना मागे दोन्ही बाजूंनी लोखंडी चौकट जोडलेली असते. कॅन भरल्यावर वजन खाली राहावं म्हणून ती चाकाच्या आसाजवळ उतरवलेली. वसईच्या पट्ट्यातला शेतकरी फुलांच्या आणि पालेभाजीच्या पाट्या बांधायला मागच्या सीटवर फळी टाकतो. मासळीचे क्रेट, अंड्यांचे ट्रे, गॅस सिलिंडर लटकवायचा आकडा, पाववाल्याची पेटी: हे सगळे बदल वेल्डिंगवाल्याच्या दुकानात झाले, कुठल्याही कॅटलॉगात नाहीत. यात कोणी सौंदर्य शोधत नाही, पण एखादी चौकट जवळून पाहिली तर कळतं की कुठे कोपरा गोल करायचा, कुठे रबर लावायचं, याचा विचार वर्षानुवर्षं झालेला आहे. टेल टायडीच्या पत्र्याची कड अजूनही बोट कापते.

आता यात खाणं पोचवणाऱ्यांच्या चौकोनी पेट्यांची भर पडली. 2020 मध्ये केंद्राने नियमात बदल करून दुचाकीवर बसवायच्या हलक्या पेटीची मापं ठरवली: लांबी 550, रुंदी 510, उंची 500 मिलिमीटर यापेक्षा मोठी नको. पेटी मागच्या माणसाच्या जागेवर बसवली असेल तर मागे माणूस बसवायचा नाही. म्हणजे सरकारलाही शेवटी हेच ठरवावं लागलं की मागची जागा एका वेळी कोणाची.

अडकलेल्या सीटचं काय करायचं, यात मिस्त्रीची पहिली शिकवण अशी की चावीवर जोर करायचा नाही. चावी पितळी किंवा पातळ लोखंडी असते, मानेशी झिजलेली असते. पक्कड लावून पिरगाळली तर अर्धी हातात येते आणि पाच मिनिटांचं काम पाचशे रुपयांचं होतं. आधी एकाने सीट मागून दोन्ही हातांनी खाली दाबायची आणि दुसऱ्याने चावी फिरवायची. सीट नुकतीच नव्याने शिवलेली असेल, सीटमेकरने हौसेने दुप्पट फोम भरलेला असेल, तर कडी सतत वर ओढली जाते आणि खटक्यावर ताण राहतो. दाबलं की ताण सुटतो, खटका हलतो. कित्येक सीटा नुसत्या एवढ्यावर उघडतात आणि मालकाला उगाच लाज वाटते.

नाही उघडली तर नळीत फवारा. निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-40 आता टपरीवजा दुकानातही मिळतो. 1953 मध्ये सॅन दिएगोच्या एका छोट्या रसायन कंपनीने क्षेपणास्त्राचं कवच गंजू नये म्हणून पाणी हटवणारं मिश्रण करून पाहिलं, चाळिसावा प्रयोग जमला, म्हणून नावात 40. पण त्याचं काम पाणी नि गंज हटवणं, कायमचं वंगण देणं नव्हे. आणि नळीत कुठलंही चिकट तेल ओतलं तर पुढच्या महिन्यात त्यावर धूळ बसून लगदा होतो. म्हणून जुने चावीवाले पेन्सिलीचं शिसं ब्लेडने खरवडून ती भुकटी चावीला फासतात आणि चावी आतबाहेर करतात. ग्रॅफाइट कोरडं असतं, धूळ धरत नाही. शाळेच्या कंपासपेटीतली वस्तू, हजारांच्या गाडीला पुरते.

डुप्लिकेट चावीचा प्रश्न वेगळाच. मूळ चावी झिजली की तिच्यावरून दुसरी कापतात. झीजसुद्धा हुबेहूब उतरते. त्या दुसरीवरून तिसरी. चौथ्या पिढीतली चावी इग्निशनला चालते, कारण तिथली नळी रोजच्या वापराने सैल झालेली असते. सीटचं कुलूप महिन्यातून एकदा फिरतं, ते अजून कडक असतं, ते नकार देतं.

केबलच तुटली असेल तर मात्र चावीचा काही उपयोग नाही. मिस्त्री दहाचा पाना घेऊन बाजूचं पॅनेल उतरवतो, केबलचं टोक पकडीत धरून ओढतो. टोक हाताला लागत नसेल तर तो गाडीमागे उकिडवा बसतो, सायकलच्या चाकाची एक जुनी तार टोकाशी वाकवून आकडा करतो आणि चाकाच्या वरच्या फटीतून ती सीटखाली सरकवतो. डोळे भलतीकडेच असतात, बहुधा समोरच्या रिक्षाकडे. बोटांना खटका लागला की मनगट एकदा हलतं, आणि ‘खट्’. सीट वर उडते. आता यातली गोम पाहा. कंपनीचं मडगार्ड आणि आतलं प्लास्टिक जागेवर असतं तर ती फटच नसती. मडगार्ड काढलं म्हणून कुलूप अडलं, आणि काढलं म्हणूनच तारेने उघडलं. मालकाला यात आपली बाजू जिंकल्यासारखी वाटते. मिस्त्री तार पुसत म्हणतो, “चोरालापण हीच वाट आहे.”

उघडलेल्या सीटखाली काय निघतं, तेही पाहण्यासारखं. ओल्या मातीचा थर, फ्यूजचा डबा, हिरवट बुरशी धरलेली बॅटरीची टोकं, प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच्या इन्शुरन्सची झेरॉक्स, नवी गाडी घेतली तेव्हा मिळालेली, अजून न उघडलेली प्रथमोपचाराची पिशवी. कागदपत्रं मोबाइलवर दाखवलेली चालतात असं 2018 मध्ये ठरल्यापासून झेरॉक्सची गरज उरली नाही. प्रथमोपचाराची पिशवी मात्र कुलपाआडच राहिली, आणि कुलूप जाम.

सोपाऱ्याला बंद पेट्या उघडण्याचा इतिहास आहे. स्टेशनपासून पश्चिमेला थोड्या अंतरावर बुरुड राजाचा कोट नावाचं टेकाड आहे. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला तेव्हा मध्यभागी दगडी पेटी मिळाली, तिच्यात तांब्याचा करंडा, आत आणखी लहान लहान करंडे, अगदी आत सोन्याचा. भोवती बुद्धाच्या छोट्या मूर्ती. त्या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. त्याच साली इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा हाती लागला. पूर्वीचे राजे मौजेच्या, शिकारीच्या सहलींना निघत, आपण धर्मयात्रा सुरू केली, असा त्या आठव्या लेखाचा विषय. पुढे 1956 मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा निघाला. त्या लेखात अशोक आजारपणात, लग्नात आणि प्रवासाला निघताना लोक जे नाना तऱ्हेचे क्षुल्लक मंगलविधी करतात त्यांच्यावर नाराजी नोंदवतो. बावीसशे वर्षांनी त्याच गावात प्रवासाला निघणाऱ्या गाडीच्या नंबर प्लेटखाली लिंबू-मिरची आणि सायलेन्सरला काळी रिबीन बांधलेली आहे. सम्राटाची ही मोहीम इथे फारशी यशस्वी झाली असं म्हणता येत नाही.

त्याच नंबर प्लेटवर अशोकचक्र आहे, हा आणखी एक योग. 1 एप्रिल 2019 पासूनच्या नव्या गाड्यांना आणि आता महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली. जुन्यांसाठी मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. दुचाकीची मागची प्लेट 200 बाय 100 मिलिमीटर, ॲल्युमिनियमची, कोपऱ्यात चक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक. आणि ती गाडीला बसते ती स्नॅप लॉकने. हे कुलूप एकदाच लागतं. उघडायचं तर तोडावं लागतं, तोडलं की प्लेट पुन्हा रीतसर लावून घ्यावी लागते. इथेच टेल टायडीवाल्यांची गोची झाली. पूर्वी दोन स्क्रू काढले की प्लेट मडगार्डवरून पट्टीवर जायची. आता प्लेट मडगार्डलाच कायमची चिकटलेली. मग कोणी प्लेट अशी वर वळवून लावतो की एमएच 48 वाचायला मागच्या माणसाला आकाशातून यावं लागेल, कोणी स्नॅप लॉक कापून साधे बोल्ट लावतो आणि चौकात पोलीस दिसला की रस्ता बदलतो.

पोलिसांपेक्षा कायदा जास्त कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम सांगतं की नोंदणीपत्रावरचे तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असे बदल करायचे नाहीत. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलं. मडगार्डची पट्टी यात नेमकी कुठे बसते, यावर गॅरेजमध्ये तासभर वाद होऊ शकतो आणि होतो. पण मागची सीट काढून गाडी कायमची एकट्याची केली, तर आरसीवर बसणाऱ्यांची संख्या दोन लिहिलेली आहे, एवढं तरी कोणीही वाचू शकतं.

विजेच्या बाजूने होणारी फजिती त्या मानाने निरुपद्रवी. करंगळीएवढे एलईडी इंडिकेटर लावले की ते मिचमिच करत दुप्पट वेगाने उघडझाप करायला लागतात. जुन्या पद्धतीचा फ्लॅशर बल्ब किती करंट खेचतो त्यावर चालतो. एलईडी अगदी थोडा खेचतो, फ्लॅशरला वाटतं एक बल्ब गेला, तो घाई करतो. पोरांना ही घाई आवडते. तीस-चाळीस रुपयांची किंवा थोडी महाग अशी एलईडीसाठीची फ्लॅशर रिले घातली की प्रश्न मिटतो, पण ‘असंच राहू दे’ म्हणणारे बरेच. ब्रेक लाइटच्या जागी निळा-पांढरा लुकलुकता दिवा लावणारे मात्र खरोखर धोक्याचे. महामार्गावर पेल्हारच्या आसपास पावसात मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला लाल रंग म्हणजे थांब एवढंच कळतं.

काढलेलं मडगार्ड कुठे जातं? ते फेकलं जात नाही. नालासोपाऱ्याच्या वन-रूम-किचनमध्ये माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी, लोकसत्तेच्या नाहीतर नवाकाळच्या कागदात गुंडाळून ते ठेवलेलं असतं. शेजारी साडीगार्ड, ग्रॅब रेल, जुने लांबुडके इंडिकेटर. आई दर दिवाळीला ते भंगारवाल्याला द्यायचं म्हणते आणि पोरगा दर दिवाळीला हातातून काढून घेतो, कारण गाडी विकायची वेळ आली की गिऱ्हाईक ‘कंपनीचा माल’ मागतं. शौकाने पाच हजार खर्च केलेल्या शेपटाला सेकंडहँड बाजारात भाव मिळत नाही. मूळ मडगार्डला मिळतो.

मग एका सकाळी ते खाली उतरतं. पोर ते मिस्त्रीकडे नेतं, मिस्त्री जुन्या भोकांत बोल्ट घालून बघतो, दोनांचे आटे गेलेले असतात, तिथे एक माप मोठे बोल्ट जातात. केबल नवी पडते, खटक्याला ग्रीस लागतं, नळीत पेन्सिलीची पूड. साडीगार्ड थोडा वाकडा बसतो. प्लेटसाठी पुन्हा नंबर लावावा लागतो. गिऱ्हाईक येतं ते बहुधा बायकोला घेऊन. नवरा इंजिनचा आवाज ऐकतो, बायको मागे बसून दांडा हाताने हलवून बघते आणि पाय ठेवायची पट्टी कुठे आहे ते विचारते. नवऱ्याला आठवण होते, तो चावी मागतो, सीट उघडतो, खट् आवाज येतो, दाबून बंद करतो, पुन्हा उघडतो. भाव दोन हजारांनी तुटतो. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होतात.

“दुसरी चावी?”

“घरी आहे. उद्या आणून देतो.”